नाइट व्हिजनसाठी आयआर लेझर घ्यायचाय, ०.७ मिलिवॉटवाला पुरतो का?

ब्रेनमचा नाना
मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथल्या गोऱ्या मित्रांना विचारलं की प्रत्येक जण स्वतःकडे जो डबा आहे तोच कसा भारी हे सांगत बसतो, म्हणून मराठीत विचारतोय.

पार्श्वभूमी अशी की ह्यूस्टनच्या वायव्येला ब्रेनमकडे आमच्या शेजाऱ्याचं मोठं कुरण आहे, गाईंसाठी गवत कापून गोल गठ्ठे करून ठेवतो तो. तिथे फेरल हॉग म्हणजे मोकाट रानडुकरांचा नुसता सुळसुळाट झालाय. रात्रीतून अशी उकराउकर करतात की सकाळी गवत कापायचं यंत्र खड्ड्यात आपटून ब्लेड वाकतं. दिवसा एक दिसेल तर शपथ, सगळा कारभार अंधारात. टेक्ससात खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रात्री हॉग मारायला आडकाठी नाही, २०१९ पासून त्यासाठी हंटिंग लायसन्सही लागत नाही.

माझ्याकडे पीव्हीएस-१४ आहे, म्हणजे एका डोळ्याला लावायचं नाइट व्हिजनचं यंत्र, जेन थ्री (तिसऱ्या पिढीची ट्यूब), व्हाइट फॉस्फर (हिरव्याऐवजी पांढरं चित्र), हेल्मेटवर लावतो. रायफलवर साधा रेड डॉट, नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारा. आता आयआर म्हणजे इन्फ्रारेड लेझर घ्यायचाय, ज्याचा ठिपका साध्या डोळ्याला दिसत नाही, नाइट व्हिजनमधून दिसतो आणि त्यावर नेम धरता येतो. एका दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला की सिव्हिलियन लेझर म्हणजे खेळणं आहे, ०.७ मिलिवॉटमध्ये काही दिसत नाही, थोडे दिवस थांब, तुला फुल पॉवरवाला मिळवून देतो, फक्त कॅश. मला तिथेच जरा कसंतरी वाटलं. तर ०.७ हा आकडा आला कुठून, तो खरंच कमी पडतो का, आणि बाराशे-पंधराशे डॉलर नक्की कशासाठी मोजायचे, हे कुणी नीट सांगेल का?

खादाड खवीस
मी पॉपकॉर्न घेऊन बसतोय. नाना, डुकराचं पुढे काय करता तेही लिहा, पाककृती विभागात चालेल.

फोटॉनबाबा
नाना, दुकानदार बदला आधी. आता सविस्तर लिहितो, पोटापाण्याचा धंदा ऑप्टिक्सचाच आहे त्यामुळे लांबण लागेल.

आपल्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. हे एमिंग लेझर ८३० ते ८५० च्या आसपास चालतात. दिसत नाही म्हणजे डोळ्यात जात नाही असं नाही, तिथेच सगळी मेख आहे. साधारण १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आरपार जातो आणि थेट रेटिनावर एका बिंदूत गोळा होतो, आणि ही गोळा व्हायची पट लाखाच्या घरातली असते. हिरवा पॉइंटर डोळ्यावर आला तर आपण पाव सेकंदात डोळे मिटतो, मान फिरवतो. आयआरला ते होत नाही. दुखत नाही, चमकत नाही, माणूस आपला मजेत बघत राहतो.

म्हणून आयआरसाठी हिशोब कडक असतो. आयईसी ६०८२५-१ या स्टँडर्डमध्ये या पट्ट्यातल्या क्लास १, म्हणजे सगळ्यात सुरक्षित वर्गातल्या, लेझरची मर्यादा ०.३९ मिलिवॉट गुणिले एक सुधारणा गुणांक अशी काढतात, आणि तो गुणांक ७०० नॅनोमीटरपासून पुढे वाढत जातो. ८५० ला तो जवळजवळ २ भरतो, म्हणजे ०.७८ मिलिवॉट. ८३० ला १.८२, म्हणजे ०.७१. आता कळलं ०.७ कुठून आला? कारखान्यातून थोडा फरक पडणार म्हणून कंपनी कडेला न जाता ०.७ छापते. कुणी सिव्हिलियन लोकांना छळायला काढलेला आकडा नाही तो, "बराच वेळ थेट डोळ्यात गेला तरी इजा होऊ नये" याची ती वरची मर्यादा आहे.

अमेरिकेत हे सगळं एफडीएकडे येतं, हो तेच औषधवाले, लेझरही त्यांच्याच अखत्यारीत. दिसणाऱ्या एमिंग लेझरला ५ मिलिवॉटपर्यंत मुभा, कारण डोळे मिटायची सोय आहे. अदृश्याला ती सवलत नाही, तिथे क्लास १. त्यावरचे म्हणजे क्लास ३बी वाले कंपन्या फक्त लष्कर, पोलीस, सरकारी खात्यांना विकू शकतात.

रात्रकिडा
बाबा थिअरी मस्त आहे पण प्रत्यक्षात फुल पॉवर तो फुल पॉवरच. मी एका ओळखीच्याचा वापरून बघितलाय, लांब झाडांच्या रांगेवर ठिपका असा ठसठशीत बसतो की बस. ०.७ वाला चांदण्या रात्री शोधावा लागतो. आणि जवळ बाळगणं बेकायदा नाहीये, विकणाऱ्यावर बंधन आहे, घेणाऱ्यावर नाही. नाना, पैसे आहेत तर घेऊन टाका.

फोटॉनबाबा
रात्रकिडा, अर्धं बरोबर आहे तुमचं. एफडीएचा नियम मुख्यतः बनवणाऱ्या-विकणाऱ्याला लागतो हे खरं. पण बाजारात फिरणारे बरेचसे पीईक्यू-१५, म्हणजे लष्कराच्या रायफलवरचे फुल पॉवर लेझर, कुठून आलेत ते विचारा की. लष्कराने जाहीर लिलाव करून असा माल लोकांना वाटलेला नाही. सरकारी मालमत्ता चोरीची आहे हे माहीत असून ती जवळ ठेवणं हाही फेडरल गुन्हा आहे. कॅश मागणारा दुकानदार म्हटल्यावर मला तर लगेच वास आला.

आता ताकदीचं. पीईक्यू-१५ हायवर २५ मिलिवॉटच्या आसपास टाकतो. बीम अर्धा मिलिरेडियन (१०० मीटरवर ५ सेंटिमीटर) पसरतो असं धरलं, तर दहा सेकंद उघड्या डोळ्याने बघण्याच्या हिशोबाने धोक्याचं अंतर ७५ ते ८० मीटर येतं. समोरचा दुर्बिणीतून बघत असेल तर ते कैकपट वाढतं. कुरणाच्या पलीकडे शेजारी दुर्बीण लावून आपल्याच गाई मोजत बसला असेल तर?

लष्कराने पीईक्यू-१५ वर निळा सेफ्टी स्क्रू उगाच नाही लावलेला, ट्रेनिंगमध्ये हाय पॉवर लागूच नये म्हणून आहे तो. सैनिक सरावात जी पॉवर वापरत नाहीत ती आपण डुकरांवर कशाला वापरायची राव.

ब्रेनमचा नाना
बापरे. इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. पण रात्रकिडा म्हणतात ते चांदण्याचं खरं आहे का? आणि समजा माझ्याच डोळ्यात गेला, मी तर नाइट व्हिजन लावून असणार ना?

फोटॉनबाबा
चांगला प्रश्न. ट्यूबमधून प्रकाश आरपार येत नाही. पुढे फोटोकॅथोडवर फोटॉन पडतात, त्यांचे इलेक्ट्रॉन होतात, ते वाढतात, आणि मागे फॉस्फरच्या पडद्यावर नवीन प्रकाश तयार होतो. तुम्ही बघता तो पडदा. म्हणजे ट्यूबमागचा डोळा लेझरपासून सुरक्षित. पण नाना, पीव्हीएस-१४ एका डोळ्याचं आहे. दुसरा डोळा उघडाच असतो. सगळे हे विसरतात.

आणि ट्यूबची काळजी वेगळीच. लेझर थेट ट्यूबमध्ये गेला तर कायमचा काळा डाग पडू शकतो, ऑटोगेटिंग, म्हणजे जास्त उजेडात ट्यूबने आपोआप सावरायची सोय, असलं तरी. तीन-साडेतीन हजार डॉलरचा डाग. दोघं-तिघं मिळून जाणार असाल तर एकमेकांच्या हेल्मेटकडे लेझर जाऊ द्यायचा नाही म्हणजे नाहीच.

विदर्भएक्सप्रेस
मी डॅलसजवळ, चार वर्षांपासून हेच करतो म्हणून चांदण्याचं मी सांगतो. ०.७ वाला अमावस्येच्या आसपास २०० यार्डांपर्यंत आरामात दिसतो. पौर्णिमेला, किंवा गावाचे दिवे ढगांवर आपटून येतात अशा रात्री फिका पडतो हे कबूल. पण पौर्णिमेला लेझर लागतोच कशाला, रेड डॉटमधून पीव्हीएस-१४ ने सरळ दिसतं. त्याला पॅसिव्ह एमिंग म्हणतात. रेड डॉट उंच माउंटवर घ्या, साधा १.९३ इंच किंवा तो २.२६ वाला, म्हणजे हेल्मेट लावून मान मोडत नाही. आणि डॉटला नाइट व्हिजनची सेटिंग हवी, नाहीतर डॉट इतका फुलतो की मागचं काही दिसत नाही.

उलट फुल पॉवरचं जवळच्या अंतरावर तेच होतं, पन्नास यार्डांवर ठिपका फुलून डुकराएवढा होतो. हॉग आपण १०० च्या आतच मारतो बहुतेक वेळा. ताकद हवी असते ती ठिपक्यात नाही, इल्युमिनेटरमध्ये, म्हणजे समोरचा परिसर उजळणाऱ्या आयआर दिव्यात. कारण खरी अडचण "लेझर कुठे आहे" ही नसतेच, "समोर नेमकं काय आहे" ही असते. झाडाच्या सावलीत काळी आकृती दिसली, ते डुक्कर आहे, वासरू आहे की शेजाऱ्याचं लॅब्राडोर? पीईक्यू-१५ च्या सिव्हिलियन आवृत्तीत, एटीपीआयएएल-सी मध्ये, इल्युमिनेटरही क्लास १ आहे, तो मिणमिणताच. म्हणून लोक सोबत वेगळा आयआर टॉर्च लावतात. शुअरफायरचा एम६००व्ही व्हॅम्पायर आहे, १२० मिलिवॉट आयआर एलईडी, तोंड फिरवलं की पांढरा प्रकाश. एलईडी असल्यामुळे लेझरसारखा एका बिंदूत गोळा होत नाही, तरी तोंडासमोर धरून बघायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

मिरजेचा मॅक्स
माझ्याकडे थर्मल स्कोप आहे. त्याच्यावर आयआर लेझर लावला तर ठिपका दिसेल ना?

विदर्भएक्सप्रेस
नाही दिसणार. थर्मलचा सेन्सर ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता बघतो, लेझर ०.८५ मायक्रॉनला आहे. दोघांची भेट होणं नाही. थर्मलवाल्याला लेझरचा उपयोग शून्य, पैसे वाचवा. माझी पद्धत अशी की हातात थर्मल मोनोक्युलर, त्याने कुरण धुंडाळायचं, गरम ठिपके दिसले की नाइट व्हिजन खाली, टॉर्चने ओळख पटवायची आणि मग पुढचं.

सुलभा_केटी
वाचतेय. आमच्या घरात हा छंद मला आहे, नवऱ्याला नाही, त्यामुळे "वहिनींना विचारलं का" वगैरे विनोद कृपया नकोत.

एक कुणी लिहिलं नाही ते लिहिते. आयआर लेझर आकाशाकडे जाऊ द्यायचा नाही. ह्यूस्टनजवळच्या केटीच्या आसपास लाइफ फ्लाइटची हेलिकॉप्टरं रात्री फिरतात आणि वैद्यकीय हेलिकॉप्टरचे पायलट नाइट व्हिजन लावून उडतात. तुम्हाला बीम दिसतो तसा त्यांनाही दिसतो. विमानावर लेझर मारणं २०१२ पासून फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. दमट हवेत बीमची रेघ दिसते, ती वर करून "बघ बघ कसली भारी" म्हणत तारे दाखवणारे महाभाग मी बघितलेत.

दुसरं, परावर्तन. पिकअपची काच, स्टॉक टँकचं, म्हणजे गुरांच्या पाणवठ्याचं, शांत पाणी, रस्त्यावरचा बोर्ड. काच आणि पाणी बीमचा काही भाग न पसरवता आरशासारखा परत पाठवतात. टेकडी किंवा मातीचा बांध मागे असेल तिथेच चालू करायचा. गोळीलाही तोच नियम आहे म्हणा.

एच-वन-बी हैराण
धागा उशिरा दिसला. मी व्हिसावर आहे, ऑस्टिनमध्ये. मला पीव्हीएस-१४ घ्यायचं होतं तर वेबसाइटवर फॉर्म आला, "यूएस पर्सन" आहे म्हणून सही करा. मी सोडून दिलं. हे नक्की काय आहे? भाड्याने किंवा मित्राचं वापरता येईल का?

सुलभा_केटी
सही केली नाहीत ते उत्तम केलंत. जेन थ्री नाइट व्हिजन अमेरिकेच्या म्युनिशन्स लिस्टच्या बाराव्या कॅटेगरीत येतं, म्हणजे आयटार, लष्करी सामग्रीच्या निर्यातीवरचे नियम. यूएस पर्सन म्हणजे सिटिझन, ग्रीन कार्डवाले, आणि असायलम किंवा रेफ्युजी दर्जा मिळालेले. एच-वन त्यात नाही. खोटी सही केली तर पुढे ग्रीन कार्डच्या वेळी काय होईल याचा विचार करा. मित्राने तुमच्या ताब्यात देणं म्हणजे मित्रालाही गोत्यात आणणं. डिजिटल नाइट व्हिजन बघा, सिलिकॉन सेन्सरवाले असतात, त्यांना जेन थ्रीच्या ट्यूबचे नियम लागत नाहीत आणि ८५० चा ठिपका त्यांनाही झक्क दिसतो. घेताना विक्रेत्याचा एक्स्पोर्टचा फॉर्म मात्र नीट वाचा.

बंदुकीचं वेगळं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे. गंमत बघा, नानांना हॉगसाठी लायसन्स लागत नाही, तुम्हाला मात्र ते लागणार, डुकरासाठी नाही तर बंदूक हातात धरण्यासाठी. काढून खिशात ठेवा आणि वकिलाला एकदा विचारा.

कणकवलीकर
मी कोकणातून वाचतोय. आमच्याकडे पण रानडुकरांनी भाताची वाट लावलीय, वानरं वेगळी. काजूच्या बागेत रात्री राखण करावी लागते. हा कुणी येताना बॅगेतून आणेल का? नुसता बघायला. लेझर नको, तो चष्मा हवा.

ब्रेनमचा नाना
अण्णा, मनापासून आणावंसं वाटतं हो, पण नाही जमणार.

सुलभा_केटी
कणकवलीकर, रागावू नका, पण परवान्याशिवाय बॅगेत घालून अमेरिकेबाहेर नेणं हाच गुन्हा आहे, तुम्हाला विकलं की नुसतं दाखवलं याला काही अर्थ नाही. दंड दहा लाख डॉलरपर्यंत आणि वीस वर्षांपर्यंत कैद. व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या आयटीटी नाइट व्हिजनला २००७ मध्ये तंत्रज्ञान बाहेर गेलं म्हणून १० कोटी डॉलरचा दंड झाला होता, आणि ती तर लष्कराला ट्यूब पुरवणारी कंपनी. आपण कोण?

नुसती राखण करायची असेल तर आयआर दिवे असलेला साधा सीसीटीव्ही कॅमेरा घ्या, कणकवलीत मिळतो, मोबाइलवर दिसतो. दिवे ९४० नॅनोमीटरचे बघा, ८५० वाल्यांचा लालसर ठिपका उघड्या डोळ्यालाही दिसतो. आणि रानडुक्कर तिकडे वन्यजीव कायद्यात येतं, मारायचा विषय वनखात्याला विचारल्याशिवाय काढू नका.

कणकवलीकर
९४० चा घेतो मग. वानरांना काय, दिवसाढवळ्या येतात, त्यांना कसला लेझर.

ब्रेनमचा नाना
बरं आता मुद्द्यावर. फुल पॉवरचा नाद सोडला. एटीपीआयएएल-सी, स्टायनरचा डीबीएएल-ए३, होलोसनचा एलएस३२१जी आणि बी.ई. मेयर्सचा एमएडब्ल्यूएल-सी१+, असे चार डोक्यात आहेत. सगळ्यांत ०.७ च्या आसपासच आयआर असेल तर किमतीत दुप्पट-तिप्पट फरक कशाचा?

फोटॉनबाबा
ठिपक्याच्या ताकदीचा नाहीच मुळी. फरक पडतो तो मुख्यतः दोन गोष्टींत. झीरो (ठिपका आणि गोळीची जुळवणी) टिकतो का, म्हणजे रायफल ट्रकच्या मागे आदळत गेली, दुपारी १०० फॅरेनहाइटमध्ये राहिली आणि रात्री ६० ला आली तरी ठिपका जागच्या जागी आहे का. आणि दिसणारा लेझर व आयआर लेझर एकमेकांशी जोडलेले, स्लेव्हड, आहेत का. जोडलेले असतील तर दिवसाढवळ्या दिसणाऱ्या लेझरने झीरो करायचा, आयआर आपोआप तिथेच बसतो. तुम्ही सांगितलेल्या चौघांतही ही सोय आहे. बाकी इल्युमिनेटरची प्रत, एमएडब्ल्यूएलचा इल्युमिनेटर वर्तुळाच्या कडेपर्यंत एकसारखा पसरतो, मध्ये डाग आणि कडेला अंधार असं होत नाही, तिथे पैसे गेलेत.

स्वस्तातल्या चायनीज कॉपीबद्दल एकच सांगतो, त्यावर क्लास १ चा स्टिकर असतो पण आत काय डायोड घातलाय ते फक्त घालणाऱ्याला ठाऊक. कामाच्या ठिकाणी एक पॉवर मीटरवर लावून बघितला होता, स्टिकरपेक्षा कितीतरी जास्त निघाला आणि बॅटरी उतरत जाईल तसा आकडा वर-खाली नाचत होता. बाहेरून हुबेहूब पीईक्यू-१५. दिसत नाही त्या वस्तूत स्टिकरवर विश्वास ठेवायचा तर स्टिकर लावणारा तरी माहितीचा हवा.

विदर्भएक्सप्रेस
नाना, झीरोबद्दल एक. लेझर बॅरलच्या बाजूला बसतो, समजा दोन इंच. कन्व्हर्जिंग झीरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच बिंदूत, ५० यार्डांवर केला तर १०० वर तो दोन इंच दुसऱ्या बाजूला जातो आणि २०० वर सहा इंच. त्यापेक्षा समांतर करा. सगळीकडे दोनच इंच चूक राहते, डोक्यात ठेवायला सोपी. डुकराच्या कानामागे दोन इंचांनी काही बिघडत नाही. कागदावर गोळीच्या भोकापासून दोन इंचांवर पेनाने फुली मारायची, लेझर त्या फुलीवर आणायचा, झालं.

रात्रकिडा
बरं बाबा, फुल पॉवर नको तर नको. पण धुक्याचं काय? गेल्या आठवड्यात कोलोरॅडो नदीकाठी होतो, इल्युमिनेटर चालू केला की समोर पांढरी भिंत.

विदर्भएक्सप्रेस
धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यासारखंच ते. ताकद वाढवली की भिंत अजून पांढरी होते, म्हणून तर म्हणतो फुल पॉवरचा तिथेही उपयोग नाही. बीम अरुंद करा, पसरट नको. पसरट ठेवला तर आधी समोरचं उंच गवत उजळतं आणि ट्यूब तेवढ्यावरच डोळे बारीक करते. टॉर्च बॅरलच्या टोकाजवळ लावा म्हणजे बॅरलवर आपटून प्रकाश परत येत नाही. त्यातूनही काही दिसत नसेल तर घरी जा, थर्मल असेल तर थर्मल. गल्फच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात असल्या रात्री भरपूर.

सुलभा_केटी
अजून एक सवय लावून घ्या, विशेषतः घरात मुलं असतील तर. लेझर चालू आहे की बंद हे बघायला तोंडासमोर धरायचा नाही. भिंतीकडे रोखायचा आणि मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून भिंत बघायची. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा आयआर फिल्टर असतो, पुढच्याला बऱ्याचदा नसतो. आपल्या फोनचं आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासा, बटण दाबल्यावर जांभळट ठिपका दिसला की तो कॅमेरा कामाचा. लेझर थेट कॅमेऱ्यात मात्र घालू नका, सेन्सर जातो.

घरी आलं की सीआर१२३ बॅटरी काढून वेगळी ठेवायची. आमच्याकडे तो डबा बंदुकीच्याच तिजोरीत असतो, खेळण्यांच्या कपाटाजवळ नाही. बटण दाबलं आणि काहीच दिसलं नाही तर पोरं अजून जोरात दाबतात आणि आत डोकावून बघतात.

मिरजेचा मॅक्स
सुलभाताई, ते शेवटचं वाक्य वाचून आत्ता उठून बॅटरी काढून आलो. लेझर पॉइंटरचीच होती, पण काढली.

ब्रेनमचा नाना
ठरलं. एटीपीआयएएल-सी आणि सोबत व्हॅम्पायर, दोन्ही मिळून एमएडब्ल्यूएलच्या निम्म्या-पाऊण किमतीत बसतंय. दुकानदाराला फोन करून सांगितलं की फुल पॉवर नको, तर म्हणे पस्तावशील. नाही पस्तावणार. फक्त एक, प्रेशर स्विच लावू की डब्यावरचंच बटण वापरू? रायफल ट्रकमध्ये असते तेव्हा वायरवाला स्विच दाबला जाईल अशी भीती वाटते.

विदर्भएक्सप्रेस
दाबला जातोच. पण डब्यावरच्या फिरत्या बटणाला ऑफ आहे, तिथे असेल तर स्विच कितीही दाबा, काही होत नाही. ट्रकमध्ये चढण्याआधी बटण ऑफवर, कुरणात उतरल्यावर पुढे. स्विच घ्या, पुढच्या हाताच्या अंगठ्याखाली लावा आणि वायर रेलच्या खोबणीत दाबून बसवा, नाहीतर मेस्किटच्या झुडपाच्या काट्यात अडकून पहिल्याच रात्री तुटेल.

खादाड खवीस
पाककृती राहिली.

ब्रेनमचा नाना
पूर्ण शिजवायचं, अर्धकच्चं चालत नाही, आणि सोलताना हातमोजे घालायचे, मोकाट हॉगमध्ये ब्रुसेलोसिस असतो. बाकी कोल्हापुरी मसाला आहेच. वेगळा धागा काढतो.